बोथट हत्याराचे उपकार

चाकावर माझ्या हातून उभं राहिलेलं पहिलं भांडं काठाशी पोस्टकार्डाइतकं पातळ आणि बुडाशी विटेइतकं जाड होतं. मी ते चहाचा कप म्हणून केलं होतं. रिकामा उचलतानाच दम लागला असता, चहा ओतणं ही पुढची गोष्ट. आमच्या मॅडमनी तो तळहातावर तोलला. मॅडम वयाने माझ्या भाचीएवढ्या. मी त्यांना ‘मॅडम’ म्हणते आणि त्या मला ‘काकू’ म्हणतात, त्यामुळे कोण कोणाला शिकवतंय याचा बाहेरच्या माणसाला पत्ता लागत नाही. त्या म्हणाल्या, "हरकत नाही काकू, उद्या ट्रिमिंग करू."

ट्रिमिंग म्हणजे काल केलेलं भांडं आज चाकावर पालथं घालायचं आणि बुडाकडची जास्तीची माती कोरून काढायची. मला ही कल्पना फार आवडली. पस्तीस वर्षं मी कचेरीत नोकरी केली, पण कालचं चुकीचं काम आज उलटं करून तासायची अशी राजरोस सोय तिथे नव्हती.

कोरायला एक हत्यार लागतं. लाकडी मूठ, आणि तिच्या टोकाला पोलादी पट्टी वळवून केलेलं वळं. कुणाचं वळं गोल, कुणाचं त्रिकोणी, कुणाचं नासपतीसारखं. क्लासमध्ये त्याला ‘लूप टूल’ म्हणतात. आमच्या रस्त्यावरून सायकलला चाक लावून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा एकजण जातो. पुढे एकदा मी ते हत्यार त्याच्यापुढे धरलं, तेव्हा त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "काकू, हे हत्तीचं कानकोरणं आहे का?" त्याची गोष्ट पुढे येईलच.

कोरायची वेळ साधणं ही ह्या विद्येतली पहिली मेख. माती ओली असली तर हत्यार रुतून बसतं, फार वाळली तर पिठीसारखा भुगा उडतो. ह्या दोन्हींच्या मधली जी अवस्था, तिला सगळे ‘लेदर हार्ड’ म्हणतात. मला मात्र तिथे चामडं आठवत नाही, नारळाच्या वड्या आठवतात. ताटात थापलेली वडी कोमट होत येते, सुरी घातली की कड सरळ निघते, ती वेळ. पाच मिनिटं आधी गेलात तर लगदा, अर्ध्या तासाने गेलात तर चुरा. पुण्यात मे महिन्यात ही वेळ दुपारच्या झोपेत येऊन निघून जाते, आणि जुलैत चार-चार दिवस येतच नाही.

वेळ साधली आणि हत्याराला धार असली, तर मातीच्या लांबच लांब फिती सुटतात, काकडीची साल निघावी तशा. शेजारच्या चाकावर बसणाऱ्या कॉलेजच्या मुलीच्या निघायच्या. माझ्या चाकावर वेगळंच चालू असायचं. हत्यार टेकवलं की ‘खडडडड’ असा आवाज, आणि भांड्याच्या पोटावर बारीक बारीक खाचांची रांग. ह्या खाचांना इंग्रजीत ‘चॅटर’ म्हणतात, म्हणजे दात वाजणं. बोथट हत्यार कापत नाही, दाबतं. दाबलं की अडकतं, अडकलं की उडी मारतं. चाक एक फेरा घेऊन येतं तोवर त्या उडीचा उंचवटा तिथेच उभा असतो, त्याच्यावर हत्यार आणखी जोरात आपटतं. मातीच्या रस्त्यावर असे वळ उठले की प्रत्येक गाडी ते बुजवण्याऐवजी वाढवत जाते, तसलाच प्रकार. सात-आठ फेऱ्यांत माझ्या कपाचा पत्र्याचा डबा व्हायचा.

"हत्यार बोथट आहे हो," मी म्हणायचे.

आमच्या कचेरीत पत्राचा शेवटचा परिच्छेद ‘सबब’ ह्या शब्दाने सुरू व्हायचा. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. कचेरीत सबब म्हणजे ‘म्हणून’, आणि घरी सबब म्हणजे निमित्त. निवृत्तीनंतर माझ्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ एकत्र आले. हत्यार बोथट आहे, सबब भांडं वाकडं आहे. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी शाळेपासून ऐकत आले, पण वाकडं अंगण किती उपकारक असतं हे मला साठीला आल्यावर कळलं. अंगण वाकडं आहे तोवर आपण उत्तम नर्तकी असण्याची शक्यता शिल्लक राहते.

त्यातच मला आणखी एक सबब सापडली. जपानात क्यूशू बेटावर ओंता नावाचं कुंभारांचं छोटं गाव आहे. तिथे नदीच्या पाण्यावर चालणारी लाकडी उखळं दिवसरात्र माती कुटत असतात. बर्नार्ड लीच हा नावाजलेला इंग्रज कुंभार 1954 साली तिथे जाऊन राहिला होता. तर ह्या गावात भांड्यांवर अशाच खाचा मुद्दाम पाडतात. फिरत्या भांड्यावर पोलादाची लवचीक पट्टी अशी धरतात की ती टपटप उड्या मारत जाते आणि बुंध्यापासून काठापर्यंत खाचांची नक्षी उमटते. तिला ‘तोबिकान्ना’ म्हणतात, म्हणजे उड्या मारणारा रंधा. दुसऱ्या दिवशी मी माझा पत्र्याचा डबा मॅडमपुढे ठेवला आणि सहज आवाजात म्हटलं, "तोबिकान्ना."

मॅडमनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काकू," त्या म्हणाल्या, "ते ठरवून करतात. आणि त्यांच्या हत्याराला धार असते."

आपल्याकडच्या कुंभाराला ही ट्रिमिंगची भानगडच नाही. चाकावरून तो मडकं उतरवतो तेच जाडजूड, कधीकधी बूडच नसलेलं. मग आतून गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थापटत जायचं. थापटता थापटता भिंत पातळ होते, पोट फुगतं, बूड मिटून गोल होतं. माती काढून टाकायचा प्रश्नच नाही, आहे तीच पसरायची. कुंभारवाड्यात पणत्या विकणाऱ्या एका आजींना मी माझं ट्रिमिंग समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे आधी जादा माती घालायची, आन मग ती खरवडून काढायची?" "हो." "मग आधीच कमी घ्यावी की!" क्लासची तीन महिन्यांची फी भरून झाली होती, म्हणून मी विषय बदलला आणि त्यांच्याकडचं एक जुनं थापटणं विकत मागितलं. बाभळीचं असावं, वापरून वापरून एका बाजूला आरशासारखं गुळगुळीत झालेलं. आजींनी ते दिलं. घरी आणून मी ते दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवलं.

थापटणं म्हटलं की गोरोबाकाका आठवणारच. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने विचारलं, काका, ह्यातली मडकी पक्की किती, कच्ची किती ते सांगा. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवत निघाले. बाकीचे गप्प बसून राहिले, नामदेवांना तेवढा राग आला. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मी मनातून नामदेवांच्या बाजूची होते. घरी आलेल्या पाहुण्याच्या डोक्यात लाकूड घातल्यावर त्याने काय करावं अशी काकांची अपेक्षा होती?

ट्रिमिंग शिकायला लागल्यावर त्या गोष्टीचा दुसरा अर्थ लागला. पालथ्या भांड्याचं बूड कोरताना ते किती जाड उरलंय हे वरून दिसत नाही. म्हणून मधूनमधून चाक थांबवून बुडावर टिचकी मारायची. जाड असेल तर ‘ठक’ असा बंद आवाज येतो. पातळ होत जाईल तसा तो खाली उतरत, पोकळ होत जातो. कान तयार असलेला माणूस टिचकीवर बरोबर वेळी थांबतो. मॅडमनी एक दिवस माझ्या वाडग्याला टिचकी मारली. ठक. "काकू, अजून निम्मी माती आत आहे. काम कच्चं आहे." मी तात्काळ म्हटलं, "हत्यार बोथट आहे हो!" आणि तोंडातून वाक्य बाहेर पडताक्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांची कसोटी मडक्याच्या आवाजाची नव्हतीच. टिचकी बसल्यावर जो तक्रार करतो, तो कच्चा. सातशे वर्षांनी त्या रांगेत नामदेवांच्या शेजारची जागा मला मिळाली होती. फरक एवढाच की ते पुढे पक्के झाले.

हत्याराला धार लावून आणणं हा सरळ उपाय होता. तो मी टाळत होते, कारण त्याचा रस्ता आमच्या ह्यांच्याकडून जात होता.

हे भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टूल रूममध्ये होते. निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक धार त्यांच्या ताब्यात आहे. विळी अशी, की मेथीची जुडी नुसती समोर नेली तरी शहाण्यासारखी दोन भागांत होते. माझ्या मातीच्या छंदाबद्दल त्यांचं मत एका वाक्यात मावतं: "बेसिन तुंबलं." हत्यार त्यांना दाखवायचं म्हणजे आधी व्याख्यान ऐकायचं. म्हणून मी ते गुपचूप सायकलवाल्याकडे नेलं होतं, हत्तीचं कानकोरणं ते हेच. त्या बापड्याचा दोष नाही. त्याचं चाक सुऱ्यांसाठी असतं. माझ्या हत्याराची पट्टी कागदासारखी पातळ. दगडाला लागताच ठिणग्या उडाल्या, मला आनंद झाला, आणि पट्टीवर मोरपिसासारखा सुंदर निळा रंग आला. मला वाटलं, पॉलिश झालं. दुसऱ्या दिवशी ते हत्यार मातीवर टेकवलं तर पहिल्या पाच मिनिटांत पुन्हा बोथट. मी ते पाण्याच्या बादलीत टाकलं आणि माझ्या सबबीसह सुखाने नांदू लागले.

बादली बाल्कनीत होती. एका सकाळी हे झाडांना पाणी घालायला गेले आणि आतून मला त्यांचा आवाज ऐकू आला. रस्त्यात अपघात पाहिलेला माणूस बोलतो तसा.

"अगं, हे कोणी केलं?"

बाहेर येऊन पाहते तर बादलीतली तिन्ही हत्यारं त्यांनी वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी निजवली होती. चष्म्यावर भिंग धरून ते एकेकाची तपासणी करत होते. पहिल्याची धार त्यांनी अंगठ्याच्या नखावर टेकवली. धार असली तर नखात किंचित रुतते, नसली तर घसरते. माझं हत्यार नखावरून जे घसरलं ते थेट कुंडीत गेलं.

"हे निळं कशाने पडलं?"

मी सायकलवाल्याचं नाव सांगितलं नाही. मला ते माहीतही नव्हतं.

"पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की असं निळं पडतं. त्याचा कडकपणा उतरला. आता ही पट्टी आणि सार्डिनचा डबा एकच." मग व्याख्यान सुरू झालं. हत्यार बोथट का होतं? मातीने. माती मऊ असते ही माझी समजूत. पण भांड्याच्या मातीत गारगोटीच्या जातीचे बारीक कण असतात, शिवाय काही मातीत भाजलेल्या मातीचा चुरा मुद्दाम घातलेला असतो. कठीणपणा मोजायची मोस नावाची दहा पायऱ्यांची शिडी आहे. तिच्यावर गारगोटी सातव्या पायरीवर, आणि साधं पोलाद पाचव्या-सहाव्याच्या घरात. "म्हणजे तुला वाटतंय तू मातीला कापतेस. माती तुझ्या हत्याराला कापतेय."

दुसरं कलम गंजाचं. माझ्या पांढऱ्या मातीच्या दोन कपांवर भट्टीतून आल्यावर तपकिरी ठिपके उठले होते. मी त्यांना ‘रस्टिक’ म्हणत होते. गंजाची खपली मातीत पडली की भाजल्यावर असा डाग उमटतो, हे कळल्यावर ह्यांनी त्या शब्दातलं शेवटचं अक्षर काढून टाकायला सांगितलं.

तिसरं कलम मुठीचं. पाण्यात पडून लाकूड फुगतं, उन्हात आक्रसतं, असं दहा वेळा झालं की आतला पोलादी दांडा सैल होतो आणि वळं मुठीत डुगडुगायला लागतं. डुगडुगणारं हत्यार धारदार असलं तरी खाचाच पाडणार. "आणि ही मूठ चिकट का आहे?" मी म्हटलं, खोबरेल तेल लावलं होतं, लाकडाला चांगलं असतं ना! "खोबरेल वाळत नाही. त्याच्यावर धूळ बसते. लाकडाला जवसाचं तेल लावायचं, ते हवेत वाळून पापुद्रा धरतं. खोबरेल डोक्याला लाव. तिथे गरज आहे."

मग दुरुस्ती सुरू झाली आणि मला कबूल केलं पाहिजे की मी चहा घेऊन तिथेच बसून राहिले. मुठी दोन दिवस सावलीत वाळल्या. सैल दांडे ओढून काढले, भोकातली कुजकी माती टाचणीने खरवडली, गंज घासला. मग दोन नळ्यांतला चिकटा कालवून भोकात भरला, दांडे परत बसवले, वर दोरा गुंडाळला, आणि "चोवीस तास हात लावायचा नाही" अशी चिठ्ठी चिकटवली. निळी पट्टी कापून नवी बसवली. धार लावायच्या आधी तिच्या उतरत्या कडेवर काळ्या मार्करने रेघ ओढली. कानस फिरवल्यावर काळं जिथे पुसलं जाईल तिथेच कानस टेकतेय, जिथे राहील तिथे टेकत नाहीये. इतकं साधं. मूळचा उतार बदलायचा नाही, कानस एकाच दिशेने ढकलायची, मागे ओढताना उचलायची. शेवटी धारेच्या पलीकडे एक सूक्ष्म कड उलटून येते, तिला कारखान्यात ‘बर’ म्हणतात. ती एका हलक्या हाताने काढली की झालं. "वस्तऱ्यासारखी चकाकी आणायच्या नादी लागू नकोस," हे म्हणाले, "माती ती दहा मिनिटांत खाणार. थोडी धार, पण रोज." पस्तीस वर्षांच्या संसारात इतका रोमँटिक सल्ला मला त्यांच्याकडून मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी हत्यार टेकवलं आणि फीत सुटली. लांब, अखंड, ओलसर, गुंडाळत जाणारी. खडखड नाही, उड्या नाहीत. मी दुसरी फीत काढली, तिसरी काढली. टिचकी मारायला चाक कोण थांबवतो! शेजारची मुलगी कौतुकाने बघत होती. पाचव्या फितीला बुडातून मला खालचं चाक दिसलं.

बुडाला भोक पडलं की त्या भांड्याला कुंडी म्हणायचं, हा आमच्या क्लासमधला मान्यताप्राप्त दिलासा आहे. त्या महिन्यात माझ्याकडे अकरा कुंड्या झाल्या. मी मॅडमना म्हटलं, "हत्याराला धार फार आहे हो." त्या बराच वेळ हसल्या. घरी ह्यांना सांगितलं तर ते हसलेसुद्धा नाहीत. "चौतीस वर्षांत," ते म्हणाले, "धार फार आहे म्हणून कोणी हत्यार परत आणलेलं मी पाहिलं नाही."

अंगण सरळ झालं होतं. सगळ्या गावाला आता नाच दिसत होता.

इकडे ह्यांना मात्र नवं आयुष्य मिळालं. ओंताची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. त्यातलं जपान, नदी, लाकडी उखळं हे काही त्यांना ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते एवढंच, की उड्या मारणारी पट्टी तिकडे जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगपासून करतात. पुढच्या रविवारी सकाळी सातला आम्ही मंगळवार पेठेत जुन्या बाजारात होतो. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जगातल्या प्रत्येक यंत्राचा एक तरी भाग मिळतो, फक्त बाकीचं यंत्र मिळत नाही. ह्यांनी गजराची दोन मेलेली घड्याळं घेतली, झिजलेल्या कानशींची एक जुडी घेतली, आणि पेट्या-गठ्ठ्यांना आवळतात त्या लोखंडी पट्टीचं एक भेंडोळं घेतलं. घासाघीस करताना घड्याळवाल्याने आग्रहाने सांगितलं की किरकोळ दुरुस्तीनंतर घड्याळ चालेल. हे म्हणाले, "चाललं तर मला नको."

स्प्रिंग थंड असताना वाकवली तर तुटते. म्हणून तिचं टोक गॅसच्या शेगडीवर लाल करून पकडीने वळवायचं. वळवून झालं की पुन्हा लाल करायचं. किती लाल? त्याची खूण म्हणजे लोहचुंबक. पोलाद साधारण 770 अंशांच्या पुढे गेलं की त्याला चुंबक चिकटत नाही. फ्रिजवर महाबळेश्वरहून आणलेली चुंबकाची स्ट्रॉबेरी होती, ती ह्या शास्त्रीय कामी आली. मग लालबुंद टोक पाण्यात बुडवायचं. ह्यालाच हत्याराला पाणी पाजणं म्हणतात. पहिल्या पट्टीने पाणी प्यायलं, ‘टिक’ असा बारीक आवाज केला आणि ती दोन तुकड्यांत ओट्यावर पडली. कोणी कोणाला पाणी पाजलं ते मी बोलले नाही. पातळ पट्टीला पाण्याचा झटका सोसत नाही असं ठरवून ह्यांनी दुसरी शेंगदाण्याच्या तेलात बुडवली. घरभर भज्यांचा वास सुटला. शेजारच्या वहिनी दारात येऊन "आज काय विशेष?" विचारून गेल्या.

तरीही काम संपत नाही. असं कडक झालेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं, त्याला पुन्हा थोडं नरम करावं लागतं. पट्टी घासून चकचकीत करायची, तव्यावर वाळू तापवायची, वाळूत पट्टी ठेवायची आणि तिच्यावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की उचलायची. त्याच्या पुढे गेलात तर तपकिरी, मग जांभळा, मग तो सायकलवाल्याचा निळा. हे सगळं माझ्या पोळ्यांच्या तव्यावर झालं. चिमट्याने पट्टी धरून हे रंगाकडे असे एकटक बघत होते, की मला त्या क्षणी पोळ्यांबद्दल काही बोलवेना. मी फक्त म्हटलं, "अहो, ही माझी लेदर हार्डचीच वेळ की. आधीही नाही, नंतरही नाही." त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मग तुला हे माहीत होतं तर." ते कौतुक होतं की टोमणा, ह्याचा मी अजून विचार करतेय.

ती पट्टी मात्र अशी जमली की मॅडमनी दोनदा मागून घेतली. क्लासमधल्या मुलींची हत्यारं आमच्या घरी यायला लागली. ह्यांनी कपाटात जाडजूड लोकरी कापड लावलेला खण केला. दाराच्या आतल्या बाजूला सूचना हव्या होत्या. मसुदा अर्थातच मी केला: ‘हत्यारे पाण्यात ठेवलेली आढळून आली आहेत. सबब, काम संपताच ती धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन उभी ठेवावीत. वाळलेल्या मातीचा भुगा झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावा. ती बारीक धूळ छातीत जाते. कानस मारताना नाकाला पट्टी बांधावी.’ पस्तीस वर्षांत मी लिहिलेलं हे पहिलं परिपत्रक, ज्याची अंमलबजावणी झाली.

दिवाळीत मुलगी परदेशातून आली. तिने माझ्यासाठी टंगस्टन कार्बाइडचं हत्यार आणलं. ह्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. कारखान्यात लेथवर पोलाद कापायला ह्याच्याच टिकल्या वापरतात. मोसच्या शिडीवर हे नवव्या पायरीच्या आसपास, म्हणजे गारगोटीच्या दोन पायऱ्या वर. माती ह्याचं वर्षानुवर्षं काही बिघडवू शकत नाही. साध्या कानशीने ह्याला ओरखडाही जात नाही, धार लावायला हिऱ्याची कणी बसवलेली कानस लागते, आणि तीही पाण्याचा थेंब सोडत फिरवायची, कारण ह्याचीही धूळ वाईट. हे त्याच संध्याकाळी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन ती घेऊन आले. लग्नात आमच्याकडे हिरा घ्यायची ऐपत नव्हती. एवढ्या वर्षांनी घरात हिरा आला, तो कानशीवर बसून.

"एकच लक्षात ठेव," ह्यांनी मला आठवड्यातून चारदा सांगितलं, "कठीण आहे तितकंच ठिसूळ आहे. पडलं की संपलं." मी ते हत्यार भीतीने वापरलंच नाही. ते लोकरी खणात राहायचं आणि हे अधूनमधून काढून पुसून ठेवायचे.

परवा दुपारी मी आत वर्तमानपत्र वाचत होते. बाहेरून आवाज आला, काचेची बांगडी फुटावी तसा. लहान, स्वच्छ, पुन्हा न होणारा.

बाहेर आले. शहाबादी फरशीवर मूठ एकीकडे होती आणि वळ्याचे तीन तुकडे तीन दिशांना. हे स्टुलावर बसले होते. एका हातात हिऱ्याची कानस, दुसऱ्या हातात काही नाही. मी काहीच बोलले नाही. खरंच बोलले नाही. नुसती उभी राहिले.

थोड्या वेळाने हे म्हणाले, "मूठ फार गुळगुळीत केलीय लेकाच्यांनी."

मी गप्प.

"आणि ही फरशी. इथे एक सतरंजी पाहिजे होती."

मी वळले, कपाटावरचं आजींचं थापटणं खाली घेतलं, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली आणि ते हातात तोलत ह्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. ह्यांच्या डोक्यावर आता केस फारसे नाहीत. तीन बाजूंनी उन्हात चकाकतं.

"काय करतेयस?" ह्यांनी मागे न बघता विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "भाजून झालंय का ते बघतेय."